बारदान वजा जाता

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार गफूर मिस्त्रींचे आहेत. आई-वडिलांचे उपकार मोजायचे नसतात म्हणून ते बाजूला ठेवतो. त्यांच्यानंतर कोण, असं कोणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही.

दिवाळी उलटते, सकाळचं ऊन हवंसं वाटू लागतं आणि कापसाच्या गाड्या रस्त्याला लागतात. निवृत्त झाल्यापासून मी बुलढाण्यात राहतो. राजूरचा घाट चढून आलेले ट्रक माझ्या घरावरून जातात. घाटभर ओरडत आलेलं इंजिन सपाटीला लागलं की त्याचा आवाज एकदम उतरतो, जिना चढून आलेलं माणूस ओसरीवर टेकतं तसा. मी चहाचा कप हातात धरून ऐकत राहतो. या ट्रकनं कुठल्या वळणावर गिअर पाडला असेल, किती पोती असतील, आवाजावरून ओळखायचा प्रयत्न करतो. इंजिनांच्या चाचण्या घेण्यात सगळी नोकरी गेली, पण हे मला कधी साधलं नाही. गफूरचाचांना साधायचं. गाडी बाजाराच्या पलीकडे असतानाच ते मान वर न करता म्हणायचे, "तीन नंबरचा प्लग मरून राह्यला तिचा."

कापसाच्या दिवसांत आमच्याकडच्या बाभळींना कापूस लागतो. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. खचाखच भरलेल्या गाड्या झाडांना घासत जातात आणि काट्यांना पुंजके अडकतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी काळ्या बाभळी पांढऱ्या दिसू लागतात. माझी आई भाजीची टोपली उतरवून ते पुंजके वेचायची आणि देवासाठी वाती करायची. तिच्या ओच्यात तो कापूस असायचा आणि हाताला वांग्यांचा वास. तूर फुलावर आलेली असायची. सकाळी दव इतकं पडायचं की मळ्यातून शाळेत गेलो की गुडघ्यापर्यंत पाय ओले, आणि पहिला तास ते वाळण्यातच जायचा.

गफूरचाचांचं गॅरेज घाटाखालच्या आमच्या मोताळ्याच्या बाजारापासून मलकापूरच्या वाटेवर, डाव्या हाताला होतं. गॅरेज म्हणजे टिनाचं एक छप्पर, कडुलिंबाचं एक झाड आणि झाडाला टांगलेली साखळीची कप्पी. वडील आठवडी बाजारात वांगी-मिरच्या घेऊन बसत. चाचा भाजी घ्यायला येत, वांगं हातात घेऊन कानाशी हलवून पाहत, आणि वडील दर वेळी म्हणत, "मिस्त्री, ते वांगं हाये, बेरिंग नोहे."

मी मॅट्रिक झालो तेव्हा वडिलांच्या मनात होतं की मी मास्तरकीच्या ट्रेनिंगला जावं, जवळच नोकरी धरावी. त्यात चूक काही नव्हतं. आमच्या घरात त्याआधी कोणी सातवीसुद्धा झालं नव्हतं. पण शाळा सुटल्यावर मी गॅरेजवर जाऊन बसायचो आणि चाचांनी मला व्हर्नियर, बारीक मापं घ्यायचं हत्यार, वाचायला शिकवलं होतं. शाळेत ते पुस्तकातल्या चित्रात होतं. चाचांकडे खरं होतं, फडक्यात गुंडाळलेलं. एका बाजाराच्या दिवशी ते वडिलांच्या पालापाशी आले आणि भाजी न घेता उकिडवे बसले.

"सदाशिवभाऊ, या पोराले विंजनेर होऊ द्या."

"कोठं जा लागते त्याच्यासाठी?"

"नागपूरले."

"मले तर नागपूरची गाडी कोठून सुटते तेबी मालूम नाई."

"मले मालूम हाये ना. मी नेतो."

आणि त्यांनी नेलं. हातातली कामं थांबवून दोन दिवस गॅरेज बंद ठेवून, धुतलेला पायजमा आणि काळी टोपी घालून, ते माझ्याबरोबर नागपूरला आले. कॉलेजच्या फाटकाशी आल्यावर मात्र आत येईनात. मी आग्रह केला तर म्हणाले, "आत तू जाय. मी इथंच उभा हाओ. भेव नको." मुलाखत संपवून मी तीन-साडेतीन तासांनी बाहेर आलो तर ते खरोखर तिथेच उभे होते. बसायला समोर पार होता. त्यांनी मला प्रवेश मिळाला का असं विचारलं नाही. विचारलं ते असं: "आत मोठं इंजन ठेवलं म्हनतात, कापून, पोटातलं दिसते असं. पायलं काय?"

मी पाहिलं नव्हतं. पुन्हा आत गेलो, पाहिलं आणि परत येऊन त्यांना सांगितलं. परतीच्या गाडीत ते शेगावपर्यंत त्या कापलेल्या इंजिनाबद्दल विचारत होते.

मी ज्या कापसाच्या मोसमाबद्दल लिहितो आहे तो माझ्या तिसऱ्या वर्षाचा. महाराष्ट्र राज्य नवं होतं. शेर-मण जाऊन किलो आले होते आणि बाजारात दोन्ही भाषा चालत. तसंच घोड्यांचं. हॉर्सपॉवर हा शब्द कोणी 'हारपावर' म्हणे, कोणी सरळ 'घोडे'. विहिरीवरचं पाच घोड्यांचं इंजन, पिठाच्या गिरणीचं दहा घोड्यांचं. लहानपणी मला वाटे, त्या इंजिनाच्या पोटात खरंच काहीतरी घोड्यासारखं बसलेलं असेल. कॉलेजात गेल्यावर कळलं की घोडा हे एक माप आहे, ठरवून घेतलेलं, आणि ते मोजायच्या यंत्राला डायनामोमीटर म्हणतात. इंजिनाला अडवायचं आणि अडवायला किती जोर लागतो ते पाहायचं, एवढंच ते यंत्र करतं. मी वहीत सुवाच्य अक्षरात त्याच्या आकृत्या काढल्या होत्या आणि त्या दाखवायला दिवाळीच्या सुट्टीत वही गावी आणली होती.

आमच्या रस्त्यावरच्या ड्रायव्हर लोकांकडे डायनामोमीटर होताच. तो म्हणजे राजूरचा घाट. भरलेली गाडी घेऊन घाट चढायचा आणि कुठल्या वळणावर गिअर पाडावा लागतो ते लक्षात ठेवायचं. गाडी तरुण असेल तर वरच्या वळणापर्यंत तग धरते. थकली की खालच्याच वळणावर हात गिअरवर जातो. त्यात आकडा नव्हता, पण त्यावर सगळ्यांचा विश्वास होता. तो काटा वाऱ्यानं, ओल्या रस्त्यानं, ड्रायव्हरच्या मनःस्थितीनंसुद्धा हलायचा, हे कोणी विचारात घेत नसे.

त्या वर्षी नारायणशेठचा ट्रक चाचांनी पुरा उघडून बांधला होता. नारायणशेठ कापसाचे व्यापारी. कापूस खाली मलकापूरला न्यायचा आणि सरकीची पोती वर आणायची, हे त्या ट्रकचं काम. लढाईच्या काळातला पेट्रोलचा ट्रक होता, पण शेठजींचा जीव होता त्याच्यावर. नवी बांधणी होऊन आठ दिवस झाले आणि ड्रायव्हरनं सांगितलं, "शेठजी, गाडी पहिल्यापक्षा खालच्या वळनावर गिअर मांगते."

चाचा म्हणाले, "नव्या बांधनीचं इंजन हाये. पिस्टनच्या रिंगा अजून आवळ हायेत. हजार मैल पळू द्या."

"हे तर समदेच मिस्त्री म्हनतात," शेठजी म्हणाले. ते भांडायला आले नव्हते. चेहऱ्यावर काळजी होती. "मिस्त्री, राग धरू नका. माहा सीझन हाये. गाडी घाटात बसली तर मी काय करू?"

तोपर्यंत आणखी दोन-तीन ट्रकवाले कडुलिंबाखाली येऊन उभे राहिले होते. त्यांच्याही गाड्या मोसमानंतर उघडायच्या होत्या. ते कान देऊन ऐकत होते. चाचांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. ट्रकवाल्यांच्या भरवशावरच ते गॅरेज चालत होतं. मग माझ्याकडे पाहिलं.

"प्रल्हाद, तुह्या वहीत हाये ना ते काट्याचं? मांडू आपन. मोजू. बोलनं कायले पाहिजे?"

काटा त्यांच्याकडे होता. जिनातली, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातली, एक जुनी रुंद लोखंडी पुली, तिला दोन्ही बाजूंनी कवटाळणारे बाभळीचे ठोकळे आणि ठोकळ्यांना बांधलेली पाच फुटांची लोखंडी दांडी. ट्रकचा मागच्या चाकांकडे जाणारा दांडा सोडायचा आणि गिअरबॉक्सला ही पुली जोडायची. इंजिन पुली फिरवणार, ठोकळे आवळत नेले की पुली त्यांना आपल्याबरोबर ओढायला बघणार, आणि दांडीचं टोक खालच्या तराजूवर दाबलं जाणार. तो दाब मोजायचा, मिनिटाचे फेरे मोजायचे आणि गुणाकार करायचा. पुस्तकात त्या ब्रेकला कुण्या परदेशी माणसाचं नाव आहे. चाचांनी तो एका जिनात फिटर असताना पाहिला होता आणि आठवणीनं तसाच बनवला होता.

तराजू कापसाच्या अडत्याकडून आणला. इंजिन सुरू करण्याआधी चाचांनी नुसती दांडी तराजूवर ठेवली.

"हे किती भरते ते लिही. हे बारदान. हे वजा कर."

जमलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. बारदान आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पोत्यासकट कापूस तोलला की रिकाम्या पोत्याचं वजन वजा करायचं, ते बारदान. बाजारात रोज सकाळी पहिलं भांडण त्याच्यावरून होतं. पोतं ओलं होतं का, शिवण किती, दोर धरला की नाही. मोताळ्यातलं लहान पोरसुद्धा विचारतं, हे वजन बारदानासकट की बारदान जाऊन?

मी वजा केलं. इंजिन सुरू झालं.

ते दृश्य मला अजून सगळं दिसतं. चाचा पान्यानं बोल्ट आवळताहेत, अर्ध्या अर्ध्या आट्यानं. ड्रायव्हरचा पाय अॅक्सिलरेटरवर. पुली तापू नये म्हणून एक ट्रकवाला वरून पाणी ओततो आहे, ते पडल्या पडल्या वाफ होऊन उठतं आहे. करपलेल्या बाभळीचा गोडसर, कडवट वास. कडुलिंबाची पानं थरथरताहेत. तराजूचा काटा कापतो आहे आणि मी गुडघ्यावर बसून त्याचा मधला ठाव धरायचा प्रयत्न करतो आहे. चाचा इंजिनाच्या वरनं ओरडतात, "घाई नको करू! तिले बसू दे!" काटा बसला. आम्ही तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा उत्तर जवळ जवळ तेच आलं. गॅरेजच्या टिनाच्या दारावर मी खडूनं गुणाकार मांडला: एकसष्ट.

मी खूश होतो. तीन वेळा एकच उत्तर येणं म्हणजे मोजणी चांगली, असं सरांनी शिकवलं होतं. चाचाही खूश दिसले. "एकसष्ट," त्यांनी स्वतःशीच म्हणून पाहिलं.

शेठजींनी गाडीतून एक पिवळं पडलेलं इंग्रजी पुस्तक काढलं. ट्रक बनवणाऱ्या कंपनीचं माहितीपुस्तक. "प्रल्हाद, तुले इंग्रजी येते. यात किती घोडे लिव्हले?"

तिथे जमलेल्यांत इंग्रजी वाचता येणारा मी एकटा होतो. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात आकडा होता. आकड्याच्या डोक्यावर एक बारीक चांदणी छापलेली होती. मला ती दिसली. पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी होतं. मी आकडा वाचला.

"पंच्याऐंशी."

कोणीतरी मागून म्हणालं, "बाकीचे चोवीस घोडे कोठं गेले बे? चरायले?"

सगळे हसले. चाचाही थोडे हसले. शेठजी हसले नाहीत. त्यांनी मला नीट, आदरानं विचारलं, जसं डॉक्टरला विचारतात: "म्हंजे, कमी हाये?"

मी म्हणालो, "हो. कमी आहे."

मी 'हाये' म्हटलं नाही, 'आहे' म्हटलं. हेसुद्धा मला आठवतं.

गिअरबॉक्स थोडी ताकद खातो हे मला माहीत होतं. मी ते सांगितलं नाही असं नाही. दोन वाक्यं बोललो. पण चोवीस घोडे गिअरबॉक्स खात नाही, हेही मला माहीत होतं, आणि माझ्या आवाजात ते आलं असणार. चाचा बोल्ट सैल करत होते. मान वर न करता म्हणाले, "पोरानं मोजलं ते बराबर हाये." एवढंच. शेठजींनी गाडी नेली. कडुलिंबाखालचे ट्रकवाले एकेक करून निघाले. जाताना कोणी टाकून बोललं नाही, उलट रामराम घातला. म्हणूनच कळलं की ते आता येणार नाहीत.

सुट्टी संपून मी नागपूरला परतलो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी आमची डायनामोमीटरची प्रात्यक्षिकं होती. प्रयोगशाळेत पाण्याचा डायनामोमीटर होता: बंद डब्यात पातं फिरतं आणि पाणी त्याला अडवतं. शेजारी विजेचा एक नवा आलेला होता. सर एकच मोटारीचं इंजिन आधी याला आणि मग त्याला जोडायला लावत. दोन्हीकडे उत्तर वेगळं आलं. फार नाही, पण वेगळं. वर्गातल्या एकानं विचारलं, "सर, यातलं खरं कोणतं?"

सर म्हणाले, "दोन्ही खरी. तुम्ही आकडा लिहिता आणि थांबता. कशावर मोजलं, इंजिनाला काय काय जोडलेलं होतं, हवा किती तापलेली होती, हे लिहिल्याशिवाय आकडा पुरा होत नाही."

मी इंजिनाकडे बघत होतो. काहीतरी खटकत होतं.

"सर, याचा पंखा कुठे आहे?"

"काढलाय. पंखा, डायनामो, सायलेन्सर, हवेची जाळी, सगळं काढलंय. थंड करायला नळाचं पाणी आहे. कंपन्याही असंच उघडं इंजिन मोजतात आणि तोच आकडा पुस्तकात छापतात. पंखा किती घोडे खातो ते गिऱ्हाइकाला कोण सांगायला बसलंय?" सर हसले. "बारीक अक्षरात तळाला लिहितात, तेवढे प्रामाणिक असतात."

तराजूपाशी बसलेलो मी मला दिसलो. गाडीत बसवलेलं इंजिन, पंखा फिरतो आहे, डायनामो फिरतो आहे, सायलेन्सर धूर अडवतो आहे, पुढे गिअरबॉक्स, आणि रिंगा अजून आवळ. पुस्तकातले पंच्याऐंशी बारदानासकट होते. आमचे एकसष्ट बारदान जाऊन होते. ज्या गावात पोरं बारदान विचारतात त्या गावात, अडत्याच्याच तराजूवर, पाच-सहा जाणती माणसं उभी असताना एकानंही विचारलं नाही. त्यांनी विचारलं नाही कारण समोर छापील इंग्रजी होतं, आणि ते वाचणारा मी होतो.

त्या दुपारी मी ग्रंथालयात जाऊन त्याच जातीच्या ट्रकचं पुस्तक शोधलं. त्याच कंपनीचं मिळालं. आकड्यावर चांदणी होती. तळाशी लिहिलेलं मी वाचलं. अडीच ओळी होत्या.

पुढे मी नोकरीत किती तऱ्हेचे डायनामोमीटर पाहिले. आता तर इंजिन काढावंही लागत नाही. गाडीची चाकं फिरत्या रुळांवर चढवतात, पट्ट्यांनी गाडी बांधतात, ती जागच्या जागी धावते आणि कागदावर वळणदार रेघ उमटते. तरुण पोरं तो कागद घडी करून खिशात ठेवतात. तीच गाडी दुसऱ्या गावच्या रुळांवर चढवली की आकडा बदलतो. टायरमध्ये हवा कमी, पट्टा जास्त आवळलेला, दुपारची वेळ, यंत्राला ज्ञात वजनं टांगून बऱ्याच दिवसांत तपासलेलं नाही, कारणं पुष्कळ असतात. पोरं चिडून विचारतात, "साहेब, कोणतं मशीन खोटं?" मी त्यांना सांगत आलो की एकाच यंत्रावर, एकाच रीतीनं, आधी आणि नंतर मोजा, मग ते तुम्हाला फसवणार नाही. हे सांगताना माझ्या मनात बाभळीचे दोन ठोकळे असतात. ट्रक उघडण्याआधी आम्ही त्याच काट्यावर एकदा मोजलं असतं तर? तर बांधणीनंतरच्या आकड्याला शेजारी बसायला दुसरा आकडा मिळाला असता. तेव्हा आम्हाला ते सुचलं नाही.

ग्रंथालयातून आलो त्या संध्याकाळीच मी नागपूरहून चाचांना पत्र लिहिलं. आधी प्रयोगवहीत कच्चं लिहिलं, मग पक्कं केलं. चाचांना उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. पत्र शाळेतले मास्तर वाचून दाखवणार हे ठाऊक होतं, म्हणून वाक्यं छोटी ठेवली. मायना काय घालावा यावर बराच वेळ अडलो. शेवटी वडिलांना घालतो तोच घातला.

उत्तर आलं नाही. उन्हाळ्यात परीक्षा देऊन घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजवर. कप्पीला ट्रकचं इंजिन नव्हतं. चाचा विहिरीवरच्या एका लहान इंजिनाशी बसले होते. मला पाहून उठले, हात पुसले, परीक्षेचं विचारलं.

मी म्हणालो, "चाचा, पत्र भेटलं होतं?"

"हाव. मास्तरनं वाचलं. लय चांगलं लिव्हलं तू. पंख्याचं समजलं मले."

"मग शेठजींना दाखवलं?"

"त्यायले काऊन?"

"काऊन म्हणजे? त्यासाठीच लिहिलं होतं."

ते परत इंजिनापाशी बसले. "बाजारात लोक आता तुह्या बापाले विंजनेरचा बाप म्हनून राह्यले. तू चुकला हे मी कागद घेऊन सांगत फिरू? माहं काय, मी विहिरीचे इंजनं करतो." मग पाना उचलून म्हणाले, "हे पाय, याच्यात पंखा नाईच."

आणि हसले. मीही हसलो. नारायणशेठचं दुकान तिथून चार मिनिटांच्या वाटेवर होतं. मी स्वतः जाऊ शकलो असतो. जिभेवर सगळं तयार होतं, आकडे, चांदणी, अडीच ओळी. दुपारभर चाचांजवळ बसलो, त्यांना पाना-स्क्रू दिला, चहा घेतला आणि घरी गेलो. वडील अंगणात बसले होते. शेजारच्याला सांगत होते की आमचा प्रल्हाद पास होईल. मी आत गेलो.

पुढच्या उन्हाळ्यात जाईन असं ठरवलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात शेठजींचा तो ट्रक विकला गेला होता आणि मग त्याबद्दल बोलायला काही निमित्त उरलं नाही, असं मी मनाला सांगितलं. चाचा अखेरपर्यंत विहिरींची इंजिनं करत राहिले. ते गेले तेव्हा मी दूर नोकरीवर होतो. गॅरेजच्या जागी आता दुकानांची रांग आहे. कापसाच्या दिवसांत तिथून जाताना मी गाडी हळू करतो. काच खाली घेतो. करपलेल्या बाभळीचा वास येणार नाही हे मला माहीत असतं.

प्रयोगवही माझ्याजवळ आहे. पाण्याच्या डायनामोमीटरच्या आकृतीच्या मागच्या पानावर ते पत्र आहे, कच्चं, पण पाठवलं तेच.

*

तीर्थरूप गफूरचाचा यांस,

कृ. शि. सा. न. वि. वि.

मी इथे सुखरूप आहे. अभ्यास चालू आहे. वडिलांना सांगावं की थंडीचं काही पाठवू नये, मला पुरेसं आहे.

पत्र लिहिण्याचं कारण असं की, दिवाळीत आपण नारायणशेठच्या ट्रकचे घोडे मोजले, त्यात माझी चूक झाली. मोजण्यात नाही. तुमचा काटा बरोबर होता. मी इथे दोन मोठ्या यंत्रांवर मोजून पाहिलं. त्या दोघांतही फरक येतो. तुमच्या काट्यावर तिन्ही वेळा तेच उत्तर आलं होतं.

चूक वाचण्यात झाली. पुस्तकातला आकडा पंखा, डायनामो, सायलेन्सर आणि हवेची जाळी काढून मोजलेला असतो. गिअरबॉक्ससुद्धा नसतो. तसं त्याच पानावर खाली लिहिलेलं होतं. मी ते वाचलं नाही. मला खूण दिसली होती. तरी वाचलं नाही. आपण मोजलं ते सगळं लावून मोजलं. म्हणजे पुस्तकातलं वजन पोत्यासकट आणि आपलं पोतं वजा जाऊन. दोन्हींची तुलना करून मी 'कमी आहे' म्हणालो, ते म्हणायला नको होतं. त्या इंजिनात तुमच्या हातानं काही कमी झालेलं नाही. नव्या बांधणीचं इंजिन आहे, हजार मैल पळू द्या, असं तुम्ही म्हणाला होता, तेच इथले सरही म्हणाले.

मी सगळ्यांच्या समोर बोललो, म्हणून हेही सगळ्यांच्या समोर व्हावं. मास्तरांना नमस्कार सांगून विनंती करावी की बाजाराच्या दिवशी, लोक जमलेले असताना, हे पत्र गॅरेजसमोर मोठ्यानं वाचावं. नारायणशेठना निरोप पाठवून बोलवावं. ते ट्रकवालेही असू द्यावेत. कोणी विचारलं की हे कोणी लिहिलं, तर लपवू नये. मला त्यात कमीपणा वाटणार नाही. मास्तरांनी माझं नाव पूर्ण वाचावं.

तुमचा,
प्रल्हाद सदाशिव इंगळे